बटर फ्रूटचं झाड आणि अक्कांचा शब्द

घर बघायला गेलो तेव्हा पाणी किती वेळ येतं, मीटर वेगळा आहे का, हे सगळं नवऱ्यानं विचारलं. मी एकच प्रश्न विचारला. मागच्या अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवून म्हटलं, "आमच्याकडे कुत्री आहे. ह्या झाडाचं तिला काही बाधणार नाही ना?"

झाड बटर फ्रूटचं होतं. पुण्या-मुंबईकडे त्याला अवोकाडो म्हणतात. बेंगळुरात त्याला बटर फ्रूटच म्हणायचं आणि ज्यूसच्या दुकानात दूध-साखर घालून मोठा पेला भरून प्यायचं. येलहंक्याच्या जुन्या गावातल्या त्या घराच्या मागे मातीचं मोकळं अंगण होतं, आणि त्याच्या एका कोपऱ्यात हे दुमजली उंचीचं झाड. खाली मोठमोठ्या पानांचा सडा.

घरमालकीण वरच्या मजल्यावर राहत. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. साठी ओलांडलेल्या, एकट्या. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. त्या सरकारी शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांचं मराठी आमच्या निपाणीच्या मराठीपेक्षाही कन्नडकडे झुकलेलं, पण मराठीच. चार वर्षं बेंगळुरात राहून ऑफिसात हिंदी-इंग्रजी आणि रिक्षात मोडकं कन्नड बोलून मी कंटाळले होते. एखाद्या परक्या घराच्या दारात कुणी "या, बसा की" म्हणावं, ह्यानंच मी अर्धी विरघळले होते.

कुत्री आमच्यासोबतच होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून रिक्षातून घेऊन आलो होतो. तपकिरी रंगाची, गावठी, एक कान पडलेला. हेब्बाळच्या पुलाखाली पिल्लू असताना सापडली होती, आणि तिच्यापायीच आम्हाला आधीचा फ्लॅट सोडावा लागत होता. अक्का तिच्याकडे बघत होत्या. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तिच्याकडे बघतच दिलं.

"एनू आगल्ल. काही होत नाही ग. आमचा कुत्रा ह्याच झाडाखाली वाढला. म्हातारा होऊन गेला."

आणि खाली बसून त्यांनी हात पुढे केला. अनोळखी माणसावर गुरगुरणाऱ्या आमच्या कुत्रीनं तो हात चाटला.

मी मोबाइलवर शोधलं नव्हतं असं नाही. घराच्या जाहिरातीतल्या फोटोत हे झाड दिसलं होतं, म्हणून आदल्या रात्रीच तासभर वाचत बसले होते. एका ठिकाणी लिहिलं होतं, कुत्र्यांना हे फळ म्हणजे विष. दुसऱ्या ठिकाणी, थोडासा गर चालतो. तिसरीकडे, गराचं सोडा, बी आणि पानांपासून जपा. डोकं गरगरलं. मोबाइलवरच्या ह्या सगळ्या मजकुरापेक्षा समोर बसलेल्या बाईचं, जिनं त्याच झाडाखाली कुत्रा वाढवला, तिचं बोलणं मला खरं वाटलं. खरं तर माझी नोकरीच ही. कंपनीत नवीन माणूस घ्यायचा तर त्यानं आपल्याबद्दल जे सांगितलंय ते तपासायचं, जुन्या ठिकाणी फोन करायचे, खोटं पकडायचं. अक्कांचं मी काहीच तपासलं नाही.

दोन वर्षं राहिलो तिथं, आणि ती दोन वर्षं सुखाची होती. कुत्री दिवसभर अंगणात. मी हेब्बाळला ऑफिसात, नवरा कारखान्यात शिफ्टला. दुपारी अक्का खाली यायच्या, पायरीवर बसायच्या, कुत्रीला शिळी चपाती दुधात कुस्करून घालायच्या. मी संध्याकाळी आले की दिवसभराची हकीकत मिळायची. आज मांजरामागं पळाली. आज शेजारच्या नळवाल्यावर भुंकली. आज माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, मला उठायलाच देईना. माझी आई निपाणीला, फोनवर आठवड्यातून दोनदा. अक्का मात्र रोज. ताप आला तेव्हा मिरं-जिऱ्याचं सार घेऊन जिना उतरून आल्या होत्या. कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "स्वल्प पी. मग झोप."

एक गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटायची. फळांच्या दिवसांत अक्का रोज सकाळी, आम्ही मागचं दार उघडायच्या आत, अंगणात उतरलेल्या असायच्या. टोपली घेऊन पडलेली फळं वेचायच्या, पानं झाडायच्या, भिंतीच्या कडेला, मोरीच्या मागे, सगळीकडे वाकून बघायच्या. पाऊस असला तर डोक्यावर पिशवी घालून यायच्या. मी म्हणायचे, "अक्का, राहू द्या की, मी झाडते." त्या म्हणायच्या, "तुला ऑफिस आहे. मला काय काम?" नवरा हसायचा. म्हणायचा, एक फळ कुणाला मिळू द्यायच्या नाहीत अक्का. मी त्याला गप्प करायचे. टोपलीतली निम्मी फळं तर आमच्याच स्वयंपाकघरात येत होती.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये अक्कांच्या धाकट्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती चामराजपेटला राहते. अक्का आठ-दहा दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. निघताना जिन्यापाशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "रोज झाडाखालचं झाड हं. फळं उचल. पाय घसरून पडाल."

"हो अक्का."

"कुत्रीला बाहेर सोडायच्या आधी झाड."

"हो हो."

मग रोज फोन. बहिणीच्या डोळ्याचं एक वाक्य, आणि लगेच, "झाडलंस का?" मी म्हणायचे, "झाडलं अक्का." दोन दिवस झाडलंही. नंतर ऑफिसात एकाच वेळी पंचवीस माणसं घ्यायची होती, मी रात्री आठला घरी येत होते, आणि अंगण कोण बघतंय म्हणून सोडून दिलं. फोनवर मात्र "झाडलं" म्हणत राहिले. म्हाताऱ्या माणसाला कशाला नाराज करायचं, एवढाच विचार. त्यांनी एकदा विचारलं, "भिंतीकडेचं पण?" मी म्हटलं, "तिकडचं पण." त्या म्हणाल्या, "उंदीर येतात ग फळांना, म्हणून म्हटलं."

घसरून पडाल. उंदीर येतात. मुंग्या होतात. त्या आठवड्यात त्यांनी मला तीन-चार वेगवेगळी कारणं सांगितली. खरं कारण सोडून.

हे फळ झाडावर पिकत नाही. कठीण असतानाच पडतं आणि खाली पडल्यावर चार-सहा दिवसांत मऊ होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अक्का जाऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी सकाळी कुत्रीनं खाल्लं नाही. दुपारी नवरा शिफ्टवरून आला तर तिनं तीन ठिकाणी ओकलं होतं. संध्याकाळी मी आले तेव्हा ती भिंतीशी पाठ वाकवून उभी होती. ना बसत होती, ना झोपत होती. पाणी प्यायची आणि लगेच बाहेर टाकायची. पोटाला हात लावला तर पहिल्यांदाच माझ्यावर दात काढले तिनं.

येलहंक्यातच एक जुना दवाखाना आहे जनावरांचा. डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला, सोनोग्राफी केली आणि पडद्यावरच्या एका गोल सावलीवर बोट ठेवलं. आतड्यात काहीतरी अडकलंय, पोट उघडावं लागेल, उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही, असं कन्नडमध्ये सांगितलं. नवऱ्यानं कागदावर सही केली. मी तिचा पडका कान धरून बसले होते. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तो कान माझ्या हातात नुसता कापडासारखा झाला.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले. कुत्री शुद्धीवर येत होती. त्यांच्या हातात स्टीलची छोटी ताटली होती आणि तिच्यात लिंबाएवढी तपकिरी बी.

"बटर फ्रूट," ते म्हणाले. "घरी झाड आहे?"

मी म्हटलं, "आहे. पण ते विषारी नसतं ना कुत्र्यांना? आम्हाला तर सांगितलं होतं, काही होत नाही म्हणून."

"विष म्हणाल तर कुत्र्यांना त्याचा त्रास सहसा फारसा होत नाही. तेलकट असतं, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. खरी भीती ह्या बीची. मऊ फळाबरोबर अख्खी गिळतात. बाहेर पडायला वाट नाही."

मग त्यांनी मी भरलेला कागद बघितला. पत्ता वाचला. पुन्हा वाचला.

"ह्या घरात वर एक बाई राहतात का? शिवणाच्या टीचर होत्या, त्या?"

"हो. अक्का. त्यांचंच घर."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ह्या घरातला हा दुसरा कुत्रा. पहिला त्यांचाच. सात-आठ वर्षं झाली असतील. त्याला आणेपर्यंत उशीर झाला होता, आतडं फाटलं होतं. मला आठवतं, कारण ती बाई इथे जमिनीवर बसून होती, उठायलाच तयार नव्हती. मी त्यांना सांगितलं होतं, झाड ठेवायचं तर कुत्रा ठेवू नका. कुत्रा ठेवायचा तर झाडाखाली जाळी बांधा. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

नवऱ्यानं विचारलं, "तो कुत्रा म्हातारा होता का हो, डॉक्टर?"

"छे. चार वर्षांचा असेल."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले. आमचा कुत्रा ह्याच झाडाखाली वाढला, म्हातारा होऊन गेला. हे वाक्य मी दोन वर्षं किती जणांना सांगितलं होतं! आईला, ऑफिसातल्या मैत्रिणीला, सासूबाईंना. कुणी झाडाबद्दल विचारलं की मी अक्कांचा दाखला द्यायचे.

कुत्रीला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी अक्का चामराजपेटहून परत आल्या. मी फोनवर त्यांना कळवलं नव्हतं. त्यांनी रिक्षातून उतरून फाटक उघडलं, कुत्री धावत आली नाही, तेव्हाच त्या थांबल्या. पिशवी खाली ठेवून सरळ मागच्या अंगणात गेल्या. मी खिडकीतून बघत होते. झाडाखाली आठवडाभराची फळं पडली होती. काही कुरतडलेली, काहींचा चिखल झालेला. त्या तिथं उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी भिंतीला हात टेकला.

मी बाहेर गेले.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "बी काढली पोटातून. डॉक्टर ओळखतात तुम्हाला."

अक्कांनी वाकून पायाशी पडलेलं एक फळ उचललं.

"चार वर्षांचा होता म्हणे तुमचा कुत्रा."

"हो."

"तुम्ही मला म्हातारा होऊन गेला म्हणून सांगितलंत."

"सगळ्यांना तसंच सांगते," त्या म्हणाल्या. आवाज एवढा साधा होता की मला आणखीच राग आला. "गल्लीत पण. ह्यांना झाड तोडायचं होतं तो गेल्यावर. मीच तोडू दिलं नाही. मी लावलेलं झाड. मग कुणी विचारलं की कसा गेला, काय सांगू? माझ्या झाडानं मारला म्हणून सांगू?"

"मला सांगायचं होतं. मी विचारलं होतं, अक्का. पहिल्याच दिवशी, एवढंच एक विचारलं होतं."

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस?"

"नाही."

"मग." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुझ्या आधी तीन माणसं येऊन घर बघून गेली. कुणाला हो म्हटलं नाही. ही रिक्षातून उतरली, तिचा तो कान बघितला. मला ती अंगणात पाहिजे होती. मी म्हटलं, मी बघेन. रोज वेचेन. एक फळ राहू देणार नाही. दोन वर्षं राहू दिलं का?"

राहू दिलं नव्हतं, हे खरं होतं. पावसात डोक्यावर पिशवी घालून वेचणाऱ्या अक्का मला दिसल्या आणि त्याच क्षणी मला कळलं की ती टोपली, ते वाकणं, ते 'तुला ऑफिस आहे', सगळं त्या पहिल्या खोट्याचं रोजचं काम होतं. मला ती माया वाटली होती. माया होतीही. पण तिच्या तळाशी काय आहे हे फक्त त्यांना माहीत होतं, मला नाही, आणि त्यावर मी दोन वर्षं निर्धास्त झोपले होते.

"फोनवर तरी सांगायचं," मी म्हटलं. "दहा दिवस बाहेर होतात तुम्ही. एक वाक्य. बी गिळेल म्हणून. मी नोकरी सोडून झाडत बसले असते."

"तू झाडलं म्हणालीस," अक्का म्हणाल्या. "रोज विचारलं मी. रोज म्हणालीस."

मी म्हटलं की मला वाटलं, घसरण्यापुरतं आहे, उंदरांपुरतं आहे. त्या म्हणाल्या, "हो. मी तसंच सांगितलं होतं." आणि जिन्यानं वर निघून गेल्या. त्यांची पिशवी फाटकापाशीच राहिली. संध्याकाळी नवऱ्यानं ती वर नेऊन दिली.

कुत्रीला घरी आणलं तेव्हा तिच्या पोटावर वीतभर टाके होते आणि गळ्यात प्लास्टिकचा मोठा पांढरा शंकू. रिक्षातून नवऱ्यानं तिला उचलून उतरवलं. अक्का जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, खाली आल्या नाहीत. मी तिला घरात नेणार तोच तिनं मान वळवली, वर बघितलं आणि शेपूट हलवायला लागली. मी पट्टा ओढला तर पाय रोवून उभी. टाके ताणले जातील म्हणून मला जोरही करता येईना. शंकू पायरीवर आपटत ती जिन्याकडे गेली. दोन रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या होत्या, आणि हिला आल्या आल्या भेटायचं होतं त्यांना. अक्का पटपट खाली उतरल्या आणि तिच्या शेजारी बसून रडल्या. मी पट्टा हातात धरून बाजूला उभी होते. तिचा मला इतका राग आला होता की घरात आल्यावर मी तिच्याशी बोलले नाही. कुत्रीशी! नवरा म्हणाला, "अगं, तिला काय कळतंय?" मी म्हटलं, "तेच तर."

त्याचं म्हणणं राहावं असं होतं. जाळी बांधू, तो म्हणाला. आता माहीत झालंय ना, मग भीती कसली? त्या बाईनं खोटं सांगितलं खरं, पण असं राखणारं माणूस बेंगळुरात दुसरं कुठं मिळणार आहे आपल्याला? त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण रोज सकाळी झाडूचा आवाज आला की मी मागचं दार लावून घ्यायचे. अक्का पूर्वीसारख्याच उतरायच्या, वेचायच्या. मागच्या दारापाशी टोपली ठेवून जायच्या. मी ती उचलली नाही. फळं तिथंच मऊ पडली, मग त्यांनीच नेली. कुठलीही गोष्ट त्या बोलल्या की मी मनातल्या मनात तपासायचे. बहिणीचा डोळा बरा झाला म्हणाल्या. झाला असेल का? सारात नुसतं मिरं-जिरंच होतं का? इतका वेडेपणा.

टाके निघाल्यावर तीन आठवड्यांत आम्ही घर सोडलं. हेब्बाळला ऑफिसजवळ चौथ्या मजल्यावर जागा मिळाली, कुत्री चालणारी. खाली सिमेंट, कुंड्यांत शोभेची झाडं. निघायच्या दिवशी अक्कांनी दार उघडलं नाही. नवरा वर जाऊन किल्ली देऊन आला. दार न उघडता आतूनच म्हणाल्या म्हणे, "खिडकीत ठेव."

नंतरचं मला नवऱ्याकडूनच कळतं. तो दिवाळीला त्यांच्याकडे फराळ घेऊन जातो. मी अडवत नाही, सोबतही जात नाही. पहिल्याच दिवाळीला येऊन त्यानं सांगितलं, अक्कांनी झाड तोडलं. बुंध्यापासून. खालचं घर रिकामंच ठेवलंय, कुत्रा नाही, कुणी नाही. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. उलट मी भांडी आपटायला लागले. आता कशाला? आम्ही असताना का नाही? नवरा म्हणाला, "तू सांगितलंस का कधी, तोडा म्हणून?" नव्हतं सांगितलं. एकदाही नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याच डॉक्टरांकडून कुत्रीचं जंताचं औषध आणायला येलहंक्याला गेले होते, तिथल्या बाजारात त्या मला दिसल्या. मी टाळू शकले असते, एवढं अंतर होतं, पण त्यांनीही मला बघितलं होतं. पाठ जराशी वाकलेली, हातात कोथिंबिरीची जुडी. जवळ येऊन म्हणाल्या, "कशी आहे ग ती?"

ओठांवर मराठी आलं होतं. बरी आहे अक्का, वजन वाढलंय, अजून मांजरामागं पळते. असं बरंच काही.

"चेन्नागिद्दाळे, अम्मा," मी म्हटलं. ती बरी आहे. रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं तसं, कन्नडमध्ये.

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघितलं त्यांनी. मग "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या, जुडी पिशवीत घातली आणि बसथांब्याकडे चालू लागल्या. मी बटाटे घेत होते. भाजीवाला किती किलो म्हणून विचारत होता, आणि मला काही केल्या आकडा सुचेना.